बुंददाण्यापासून बटणापर्यंत

कॉफीला मराठीत स्वतःचा शब्द होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी नसते. अरबी भाषेत कॉफीच्या बीला ‘बुन्न’ म्हणतात. त्यावरून आपल्याकडे ‘बुंद’ आणि ‘बुंददाणा’ हे शब्द रूढ झाले, आणि उकळलेल्या पेयाला ‘कावा’ म्हणू लागले. पुढे इंग्रजांचा ‘कॉफी’ हा शब्द आला आणि बुंददाणा शब्दकोशात जाऊन बसला. शब्द गेला, तशी त्या शब्दामागची एक जाणीवही गेली, असे मला वाटते. बुंद म्हटले की डोळ्यांपुढे दाणा येत असे. तो भाजावा लागतो, कुटावा लागतो, भाजून ठेवला तर शिळा होतो, हे त्या शब्दातच आले. कॉफी म्हटले की आपल्यापुढे बरणीतली पूड येते, आणि अलीकडे तर नुसते एक बटण येते.

या बटणाविषयीच प्रस्तुत लेख आहे. उरण तालुक्यातील द्रोणागिरी या नव्या वसाहतीत गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबे राहावयास आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे ही दोन्ही एकाच दिवशी खुली झाली, तेव्हापासून तर मुंबईशी या भागाचे अंतरच तुटले. जहाजांवर, बंदरात, विमान कंपन्यांत आणि आखाती देशांत नोकरी करणारी माणसे येथे पुष्कळ. त्यांच्या स्वयंपाकघरांत कॉफीचे स्वयंचलित यंत्र आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. वरून दाणे टाकावेत, मागे पाणी भरावे, बटण दाबावे. यंत्र दाणे दळते, दाबते, त्यांतून गरम पाणी सोडते, चोथा आतल्या डब्यात टाकते आणि कप भरून देते. किंमत साधारण पन्नास हजारांच्या पुढे. आणि तरीही बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते, की हॉटेलातल्या कॉफीसारखी चव काही येत नाही. कधी कडू, कधी आंबूस, कधी नुसते तपकिरी पाणी. माझ्या भाच्याच्या घरी सहा महिन्यांत त्या यंत्रावर विणलेला रुमाल पडला आणि रुमालावर फुलदाणी आली. सासूबाईंनी पुन्हा पातेले चढवले.

हा प्रश्न यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. तो इतिहासातून बराचसा सुटतो. कॉफीच्या चारशे वर्षांच्या वाटचालीत माणसाच्या हातातले एकेक काम यंत्राकडे गेले. कोणते काम गेले आणि कोणते मागे राहिले, याचा हिशेब मांडला की चव कोठे हरवते ते आपोआप दिसू लागते.

प्रथम हा दाणा आपल्या किनाऱ्यावर कसा आला ते पाहू. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पेय म्हणून ती नावारूपाला आली ती तांबड्या समुद्रापलीकडच्या येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. रात्रभर जागून नामस्मरण करणाऱ्या सूफी साधकांनी ती जवळ केली. येमेनच्या मोखा बंदरातून ती जगभर गेली, आणि हे मोखा बंदर आपल्या कोकणाला परके नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून त्याची विक्री झाली ती मोखा येथेच. पीटर व्हान डेन ब्रूके नावाच्या डच व्यापाऱ्याने मोखा येथे कॉफी पाहिली आणि पुढे १६१७ साली दख्खनमध्ये येऊन मलिक अंबराची भेट घेतली. चौल, दाभोळ, सुरत आणि मोखा यांच्यामध्ये दरवर्षी गलबते ये-जा करीत; जाताना कापड नेत, येताना घोडे, खजूर आणि इतर माल आणीत. त्या मालात बुंदाची पोती असणे स्वाभाविकच होते.

भारतातील कॉफीपानाचा एक प्रारंभीचा उल्लेख एडवर्ड टेरी या इंग्रज धर्मोपदेशकाने केला आहे. सर टॉमस रो या वकिलाबरोबर राहण्यासाठी तो १६१६ साली येथे आला. (त्याच वर्षी फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले, मराठी वाचकाला ते साल लक्षात ठेवायला सोपे जावे.) धर्माचे कडक आचरण करणारे लोक मद्य घेत नाहीत, त्याऐवजी काळी बी पाण्यात उकळून पितात, असे टेरीने नमूद केले आहे. मात्र या बीमुळे पाण्याचा रंग बदलला तरी चव फारशी बदलत नाही, असाही शेरा त्याने मारला. म्हणजे पाणचट कॉफीची तक्रारही या देशात चारशे वर्षे जुनी आहे! पीएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा कॅथोलिक प्रवासी. त्याने १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलहून आपल्या मित्राला कॉफीचे सविस्तर वर्णन लिहून पाठवले होते. तोच पुढे १६२३ साली सुरतेहून चौलमार्गे गोव्यास गेला. द्रोणागिरीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे करंजा बेट तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. डोंगरावरील त्यांच्या चौकीचे अवशेष आजही दिसतात.

पोर्तुगिजांना मात्र कॉफीचे फारसे प्रेम दिसत नाही. आणि करंजाच्या बाबतीत तर पेयांचा इतिहास निराळ्याच वाटेने गेला. पोर्तुगिजांनंतर मराठे आले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे बेट कायमचे इंग्रजांकडे गेले. इंग्रजी अमदानीत उरणची ख्याती होती ती दोन गोष्टींसाठी: मीठ आणि मोहाची दारू. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये उरणच्या भट्ट्यांची माहिती आली आहे. पंचमहालांतून मोहाची फुले येत, बहुतांशी पारशी मालकांच्या भट्ट्यांत दारू गाळली जाई आणि मोरा बंदरातून ती मुंबईस जाई. मिठागरांच्या आणि भट्ट्यांच्या या गावात कॉफीची पैदास नव्हती, की पिण्याची मोठी परंपराही नव्हती. आज जेथे द्रोणागिरीचे सेक्टर उभे आहेत तेथील शेते व मिठागरे सिडकोने संपादन केली. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात पाच जणांनी प्राण दिले. नव्या घरातल्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली काय आहे, ते माहीत असलेले बरे.

कॉफीची लागवड आपल्याकडे झाली ती दक्षिणेत. बाबा बुदन नावाचे एक सूफी संत सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून येताना मोखा येथून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या, अशी परंपरा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोठ्या प्रमाणावरील मळे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात लावले. महाराष्ट्रात कॉफी म्हणावी तर ती अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या उंचावर. बाकी सह्याद्रीने आंबा, काजू आणि सुपारी यांनाच आपले मानले.

या ठिकाणी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मलबार किनाऱ्यावरून युरोपास जाणारी कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जाई. प्रवासास पाच-सहा महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने हिरवा दाणा फुगे, पिवळसर होई आणि त्याची आम्लता जाऊन चव मऊ होई. युरोपातील गिऱ्हाइकांना तीच चव आवडू लागली. पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, प्रवास आठवड्यांवर आला. आणि गिऱ्हाईक म्हणू लागले, पूर्वीची चव राहिली नाही! तेव्हा मंगळूर-कोचीनच्या व्यापाऱ्यांनी जून ते सप्टेंबरपर्यंत हिरवी कॉफी मोकळ्या गोदामांत पसरून तिला पावसाळी वारा देण्याची पद्धत काढली. ‘मॉन्सून्ड मलबार’ ही कॉफी आजही अशीच तयार होते. हिरव्या दाण्याला ज्या वाऱ्याने मोठेपणा दिला, तोच पश्चिमेचा वारा भाजलेल्या दाण्याचा मात्र वैरी आहे. द्रोणागिरीच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी हा भेद विसरू नये. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

युरोपात कॉफी प्रथम व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी नेली. पोप आठवे क्लेमेंट यांच्याकडे काही मंडळींनी हे ‘सैतानाचे पेय’ बंद करावे अशी मागणी केली, पोप महोदयांनी एक घोट घेतला आणि इतके चांगले पेय परधर्मीयांकडेच का ठेवावे, म्हणून त्याला बाप्तिस्मा देण्याची भाषा केली, ही कथा आपल्या वाचकांनी ऐकली असेल. ती गोड आहे. पण तिला तत्कालीन कागदाचा आधार नाही. ज्याला आधार आहे ते नाते निराळेच. कापुचिन मठवासीयांच्या झग्याचा जो तपकिरी रंग, त्यावरून व्हिएन्नामध्ये दूध घातलेल्या कॉफीला ‘कापुत्सिनर’ म्हणू लागले, आणि इटलीत तिचेच ‘कापुचिनो’ झाले. मुंबईचे कापुचिन बिशप अनास्तासियुस हार्टमन यांनी १८५० साली ‘एक्झामिनर’ हे पत्र सुरू केले. त्यांच्या संघाचे नाव आज प्रत्येक कॉफीयंत्राच्या बटणावर छापलेले असते, हे कळले असते तर त्यांना काय वाटले असते, कोण जाणे.

आपल्या धर्मग्रामांतील कॉफीच्या वेळेचाही एक इतिहास आहे. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये, असा पूर्वी नियम होता. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याची मोकळीक दिली. १९५७ साली अन्नासाठी तीन तासांची आणि मद्याखेरीज इतर पेयांसाठी एका तासाची मर्यादा घातली. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी सर्वच गोष्टींसाठी एक तास ठेवला. पहाटेच्या मिस्सेनंतर घरी परतल्यावर जो पहिला कप मिळे त्याची चव ज्येष्ठांच्या तोंडी अजून आहे ती या नियमामुळे. उपाशी पोटी चालत जाऊन चालत आलेल्या माणसाला कोणती कॉफी वाईट लागेल?

मराठी घरांतली कॉफी म्हणजे मुळात दुधाची कॉफी. दुधात थोडे पाणी, पूड आणि साखर घालून उकळी आणावयाची आणि वरून जायफळ किसावयाचे. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, उपवासाची आणि जागरणाची. जायफळाने झोप येते आणि कॉफीने जाते, तेव्हा ही दोन एकत्र करण्यात पूर्वजांचा हेतू काय होता, हे कोडे मला सुटलेले नाही. पण चव अप्रतिम, यात वाद नाही. जायफळ आणि दूध यांचा आधार इतका मोठा होता, की पूड कशी आहे याकडे कोणाचे लक्ष जात नसे.

आणि पूड चांगली मिळतही नव्हती. ही गोष्ट नव्या पिढीला सांगितली पाहिजे. जागतिक मंदीच्या काळात कॉफीचे भाव कोसळल्यावर सरकारने १९३५ साली कायदा करून कॉफी सेस कमिटी नेमली. या कमिटीनेच १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांनी आपली सर्व कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावी असे बंधन आले. बोर्ड तिची प्रतवारी करून लिलाव करी. कोणत्या मळ्याची, कोणत्या डोंगराची, हे सारे त्या साठ्यात मिसळून जाई. चांगली प्रत निर्यातीकडे ओढली जाई. घरी येणारी पूड कधी भाजली याचा पत्ता नसे, आणि तिच्यात चिकोरी असे. चिकोरी ही एका झाडाची मुळी. १८०६ साली नेपोलियनने इंग्रजी व्यापाराची कोंडी केली तेव्हा कॉफीअभावी फ्रेंचांनी ती जवळ केली, आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्या कायद्यानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असली की पुरते. उरलेले ४९ टक्के मुळी असू शकते. माटुंग्याच्या दुकानांत डोळ्यांदेखत दळून मिळणारी पूड आणण्यासाठी कोकणातली काही घरे लोकल बदलून जात, ती उगाच नव्हे.

१९३८ साली स्वित्झर्लंडमधील नेस्लेने ब्राझीलमधल्या अतिरिक्त कॉफीला वाट काढण्यासाठी विरघळणारी पूड बाजारात आणली. तिच्यामुळे कॉफी करण्याची कलाच घरातून गेली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. पण सोय झाली हेही खरे. पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या बाईला सोय म्हणजे काय ते आपण शिकवू नये.

सामाईक साठ्याची पद्धत टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९९६ साली संपली. मळेवाला आपली कॉफी स्वतः विकू लागला. त्याच वर्षी बंगळूरमध्ये ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले. २०१० नंतर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख पाकिटावर छापणारे भाजणारे पुढे आले. म्हणजे ज्या दाण्याशिवाय स्वयंचलित यंत्राला काही अर्थ नाही, तो ताजा, नावगावासकट दाणा सामान्य भारतीय कुटुंबाला मिळू लागला त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत.

आता यंत्राकडे वळू. दाबाच्या वाफेने झटपट कॉफी काढण्याचे पहिले यंत्र तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली नोंदवले. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा याने १९०१ साली त्यात सुधारणा करून एकेक कप काढण्याची सोय केली. वाफेच्या उष्णतेने ती कॉफी करपट लागे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून गाळणी बनवली. कॉफीच्या इतिहासात नाव राहिलेली ही एक बाई, आणि तिने यंत्र केले नाही, चोथ्याचा त्रास कमी केला, हे मला अर्थपूर्ण वाटते. १९३३ साली आल्फोन्सो बिआलेत्ती याची शेगडीवरची ‘मोका’ किटली आली. तिच्या नावात आपले मोखा बंदर अजून जिवंत आहे. खरा बदल घडवला तो मिलानच्याच आकिल्ले गाज्जा याने. वाफ बाजूला ठेवून, दांड्याच्या आणि स्प्रिंगच्या जोराने गरम पाणी कॉफीतून दाबण्याची युक्ती त्याने काढली. १९३८ च्या पेटंटनंतर युद्धामुळे काम थांबले, आणि १९४८ च्या सुमारास त्याची यंत्रे दुकानांत आली. कपावर सोनेरी साय आली ती तेव्हापासून. दाब हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट. १९६१ साली फाएमा कंपनीने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला आणि हाताच्या जोराचे काम संपले.

घरासाठी सर्व कामे एका पेटीत कोंबली ती इटलीच्याच साएको कंपनीने १९८५ साली. दळणे, मोजणे, दाबणे, गाळणे, चोथा टाकणे, सारे एका बटणावर. द्रोणागिरीतल्या ओट्यावरचे यंत्र त्या पेटीचेच वंशज आहे. पलीकडच्या न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते १९८९ साली, म्हणजे या पेटीनंतर अवघ्या चार वर्षांनी. एके काळी मोखाहून पोती येत. आता कंटेनरमधून यंत्रे येतात.

तर मग यंत्राने काय घेतले आणि काय घेतले नाही? त्याने जोर घेतला, वेळ घेतला, मोजमाप घेतले. पण दाणा निवडणे, तो ताजा राखणे, दळण किती बारीक ते ठरवणे, पाणी पारखणे आणि भांडे घासणे ही पाच कामे त्याने घेतली नाहीत. ती आपलीच आहेत. विक्रेता मात्र हे सांगत नाही.

त्यांत दाण्याचा वाटा सर्वांत मोठा. भाजल्याची तारीख नसलेले पाकीट घेऊच नये. भाजल्यापासून साधारण एक आठवडा दाण्यातून वायू बाहेर पडत असतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे चवीचे. काळे, तेलाने चकचकणारे दाणे दिसायला रुबाबदार, पण ते तेल जात्यात बसते आणि खवट होते. मध्यम भाजलेले, कोरडे दाणे या यंत्रांना मानवतात. दुधाच्या कॉफीसाठी अरेबिका दाण्यात थोडा रोबस्टा मिसळलेला बरा; दुधात त्याचा जोर टिकतो. आणि आता खाडीवरचा वारा: यंत्राच्या वरच्या कप्प्यात पाव किलो दाणे ओतून ठेवण्याची सवय किनाऱ्यावर घातक आहे. जुलै महिन्यात ते दाणे चार दिवसांत मलूल होतात. दोन दिवसांपुरते टाकावेत, बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि शेगडी यांपासून दूर ठेवावेत. चिकोरीमिश्रित पूड, साखर किंवा सुगंध लावलेले दाणे जात्यात कधीही घालू नयेत. चिकोरी ओलाव्याने चिकट होते आणि मग दुरुस्तीचे बिल येते.

दळणाच्या बाबतीत बहुतेक घरे कारखान्यातून आले तसेच यंत्र चालवतात. कारखाना सर्वांना चालेल असे जाडसर दळण लावून देतो. कॉफी आठ-दहा सेकंदांत भसाभस आली, फिकट आणि आंबूस लागली, तर दळण एक खूण बारीक करावे. थेंबथेंब येऊन कडवट लागली तर एक खूण जाड करावे. जाते फिरत असतानाच ही चकती फिरवावी, थांबलेले असताना नव्हे. आणि बदलाचा परिणाम दोन-तीन कपांनंतर दिसतो, कारण आत जुने दळण उरलेले असते. पंचवीस-तीस सेकंद ही सर्वसाधारण खूणगाठ. सुपारी कातरणाऱ्या किंवा मसाला कुटून घेणाऱ्या घरातल्या माणसांना हे दोन दिवसांत हाताला बसते. भाच्याच्या घरी ते सासूबाईंनीच बसवले. भाच्याला दोन महिने जमले नव्हते.

पाणचट कॉफीचे मुख्य कारण मात्र निराळे आहे, आणि ते सुधारायला एक पैसाही लागत नाही. आपल्याला मोठा कप हवा असतो म्हणून आपण यंत्राला दीडशे-दोनशे मिलिलिटरचे बटण दाबतो. आत पूड असते नऊ-दहा ग्रॅम. तेवढ्या पुडीतले चांगले ते पहिल्या तीस-चाळीस मिलिलिटरमध्ये उतरून गेलेले असते. पुढचे पाणी चोथ्यातला कडवटपणा धुऊन आणते. म्हणून पूड जास्तीत जास्त आणि पाणी कमीत कमी असे लावून घ्यावे. मोठा कप हवा तर वरून गरम पाणी किंवा दूध घालावे. आपल्या जुन्या पद्धतीची कॉफी हवी असेल तर दाट कॉफीचे दोन घोट काढावेत, त्यावर शंभर-सव्वाशे मिलिलिटर गरम दूध ओतावे, साखर कपातच घालावी आणि जायफळ वरून किसावे. जायफळ यंत्रात घालू नये, हे सांगण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे म्हणून सांगतो. सकाळी पहिला कप काढण्याआधी नुसते गरम पाणी एकदा सोडून यंत्र आणि कप दोन्ही तापवावेत. थंड चिनी मातीचा कप उत्तम कॉफीचाही पाणउतारा करतो.

दुधाविषयी एक बारीकशी गोष्ट. आपण दूध तापवून ठेवणारी माणसे. त्या दुधावरची साय यंत्राच्या बारीक नळीत अडकते. तापवलेले दूध पूर्ण थंड करून, गाळून, फ्रिजमधूनच यंत्राला द्यावे. थंड दुधालाच चांगला फेस येतो, आणि साठ-पासष्ट अंशांपलीकडे ते तापले की फेस बसतो व उकळल्याचा वास येतो.

पाण्याचे म्हणावे तर सिडकोच्या हेटवणे धरणाचे पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळातून येणारे, फार जड नाही. ते साध्या गाळणीतून घेतले तरी चालते. बोअरवेलचे किंवा टँकरचे मचूळ पाणी मात्र यंत्रात घालू नये. खाडीकाठच्या विहिरींना खार लागतो हे येथील प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. उलट, घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रातून क्षार पार निघून गेलेले पाणीही कॉफीला न्याय देत नाही. पाण्यात थोडे क्षार असले तरच दाण्यातली चव उतरते. यंत्राने क्षार काढण्याचा दिवा लावला की तो विझवून पुढे जाऊ नये. त्यासाठी मिळणारे द्रावण वापरून नळ्या धुऊन घ्याव्यात.

उरले भांडे घासणे, आणि येथे मला थोडे कडू बोलावे लागेल. यंत्राच्या पोटातला जो भाग कॉफी दाबतो तो बहुतेक यंत्रांत काढता येतो. तो आठवड्यातून एकदा साबण न लावता कोमट पाण्याखाली धुवावा, वाळवून बसवावा. ज्यांत तो काढता येत नाही त्यांना कंपनीच्या गोळ्या असतात. दुधाची नळी रोज धुवावी, कारण आपल्या उकाड्यात ती संध्याकाळपर्यंत आंबते. चोथ्याचा डबा रोज रिकामा करावा, नाही तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते. (चोथा तुळशीला किंवा जास्वंदीला थोडा थोडा घालता येतो.) हे सारे मिळून रोजची पाच मिनिटे आणि रविवारची पंधरा. प्रश्न ती मिनिटे कोणाची, हा आहे. यंत्र आणतो पुरुष, त्याचे कौतुक करतात पाहुणे, आणि नळ्या धुते घरची बाई. पातेले एक होते. यंत्राचे सुटे भाग सहा. ‘त्यापेक्षा माझे पातेले बरे’ असे सासूबाई म्हणाल्या, त्याचा अर्थ त्यांना नवेपण नको होते असा नव्हता. त्यांच्या वाट्याला काम वाढले होते, आणि चव कमी झाली होती.

भाच्याच्या घरी आता वाटणी झाली आहे. दळण आणि दाणे सासूबाईंकडे. भाजल्याची तारीख त्या चष्मा लावून पाहतात आणि महिन्यापूर्वीचे पाकीट परत पाठवतात. नळ्या, डबा आणि रविवारची धुलाई भाच्याकडे. तो जहाजावर गेला की थोरला मुलगा करतो. पहाटेच्या मिस्सेहून आल्यावर पहिला कप कोणी काढावयाचा, यावर मात्र अजून भांडण होते.